हिवाळी डोंगरभटकंती: आधी देवगिरी, मग कळसूबाई

दिवाळी आटोपली आणि पहाटे पांघरूण सोडवेना झालं की छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगर, गारखेडा, जवाहर कॉलनी भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर ट्रेकच्या जाहिराती फिरू लागतात. 'कळसूबाई, एका रात्रीत जाऊन परत, अनुभवाची गरज नाही.' त्यामागून प्रश्न येतात आणि दरवर्षी तेच येतात. मी रोज विभागीय क्रीडा संकुलात पाच किलोमीटर चालते, मला जमेल का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना कुठे नेता येईल? मुलगा बारा वर्षांचा आहे, हरिश्चंद्रगड झेपेल का? गौताळ्यात जायला परवानगी लागते का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात. सपाटीवरचं चालणं तब्येतीला उत्तम, पण त्यावरून डोंगर झेपेल की नाही हे कळत नाही. चढताना दम लागतो, तो थोडं थांबलं की बसतो. खरी फजिती उतरताना होते. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं सगळं वजन पेलतो. सपाट ट्रॅकवर ही तालीम होत नाही. म्हणून तासाभराने पाय थरथरायला लागतात, गुडघा दगा देतो आणि नेमक्या त्याच वेळी उजेड कमी होत असतो. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा 'वर पोहोचू का' हा प्रश्न बाजूला ठेवा. अंधार पडायच्या आत आपल्या पायांनी खाली येऊ का, एवढं ठरवता आलं की पुरे.

आधी स्वतःचं माप घ्या

यासाठी जिम लागत नाही आणि मनगटावरचं घड्याळही लागत नाही. माप आपल्या दाराशीच आहे. देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून साधारण २०० मीटर उंच. कळसूबाईला बारी गावातून साधारण ८०० मीटर चढावं लागतं, म्हणजे चार देवगिरी एकापाठोपाठ, आणि मग तेवढंच उतरायचं. हा हिशेब डोक्यात ठेवला तर 'अनुभवाची गरज नाही' या ओळीचं काय करायचं ते तुमचं तुम्हालाच समजेल.

देवगिरीला जाण्याआधीची तालीम घरीच होते:

- तीन मजली इमारतीच्या गच्चीपर्यंतचा जिना साधारण १० मीटर भरतो. वीस वेळा चढ-उतार केली की एक देवगिरी झाला. पहिल्या दिवशी पाचच फेऱ्या करा, दर आठवड्याला चार-पाच वाढवा. लिफ्टने खाली येऊ नका. उतरण्यासाठीच तर हा खटाटोप आहे.
- दहा फेऱ्या सहज जमू लागल्या की पाठीवर सॅक घ्या आणि तिच्यात दोन लिटर पाणी भरा.
- चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा.
- दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर काळजी नको, ते स्नायूंचं दुखणं आहे. सांध्यात कळ आली, सूज आली किंवा गुडघा अडकल्यासारखा झाला तर तालीम थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

चार-सहा आठवडे हे केलंत, तर जानेवारीतला डोंगर तुम्हाला नोव्हेंबरातल्यापेक्षा बुटका वाटेल. ज्यांना एवढा वेळ द्यायचा नाही त्यांनी सोप्या जागा निवडाव्यात, त्यात कमीपणा काही नाही.

वेळेचा अंदाज काढायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला नियम अजून कामाला येतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशेब कसलेल्या पायांचा आहे. आपल्या घरच्या मंडळींसाठी आलेला आकडा सरळ दुप्पट करा, फोटोंचा वेळ वेगळा धरा.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी निघू नये

हृदयविकार असलेले किंवा स्टेंट बसवलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, दमेकरी, इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारे, गरोदर स्त्रिया आणि चाळिशीनंतर पहिल्यांदाच डोंगर चढायला निघालेले. शेवटच्या गटातले लोक हे वाचून हसतील याची कल्पना आहे, तरी यादीत त्यांना ठेवलंच पाहिजे.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. पहाटेच्या गार हवेत एकदम जोरात चढायला लागणं हृदयाला जड जातं. म्हणून पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम सावकाश चाला. दमेकऱ्यांनी नाकातोंडावरून मफलर घ्यावा, म्हणजे आत जाणारी हवा थोडी उबदार होते. इन्हेलर सॅकच्या तळाशी नको, खिशात हवा. मधुमेह्यांनी साखर किंवा ग्लुकोज हाताशी ठेवावं आणि ते कुठे ठेवलंय हे सोबतच्या एकाला तरी सांगून ठेवावं.

छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, गार घाम, दहा मिनिटं बसूनही न बसणारी धाप, यातलं काही झालं तर ट्रेक तिथेच संपला. त्या माणसाला बसवा, चालवू नका, १०८ ला फोन लावा. 'अॅसिडिटी असेल' म्हणून शिखर गाठायला निघू नका.

कुणी कुठे जावं

*गुडघे कुरकुरणारे, साठीपुढचे, लहान मुलांना घेऊन निघालेले.* पुंडलिकनगरातून सगळ्यात जवळ पडतात ते बीड बायपासपलीकडचे साताऱ्याचे डोंगर. खंडोबाच्या दर्शनाला जा, मागच्या उतारावर जमेल तेवढं चाला आणि परत या. चंपाषष्ठीला मात्र यात्रेची गर्दी असते, तो दिवस फक्त दर्शनाचा ठेवा. विद्यापीठामागच्या औरंगाबाद लेण्यांना पायऱ्या आहेत. दोन लेणीसमूहांमध्ये साधारण किलोमीटरभराचं अंतर आहे, एकच पाहून परतलं तरी चालतं. शरणापूरजवळच्या भांगसीमाता गडावर देवीचं दर्शनही होतं आणि चढही बेताचा आहे. म्हैसमाळला गाडी वरपर्यंत जाते. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंसाठी उत्तर तेच: गिरिजादेवीचं दर्शन, पठारावर सपाट फेरफटका, सोबत डबा. खुलताबादजवळचं सुलीभंजन, जिथे एकनाथ महाराजांनी तप केलं, तेही याच गटात बसतं.

*जिन्याच्या दहा-बारा फेऱ्या जमणारे.* गोगाबाबा टेकडी पहाटे चढा. चढ छोटा असला तरी वाटेवर सुटे खडे आहेत, चप्पल घालून जाऊ नका. त्यानंतर देवगिरी.

देवगिरीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सहलीची जागा म्हणून आपण तो फार हलक्यात घेतो. दरवाजापासून चांदमिनार, भारतमाता मंदिर इथपर्यंत सगळं जवळपास सपाट आहे; ज्यांना चढायचं नाही त्यांनी खंदकापर्यंत येऊन थांबावं, किल्ला तेवढ्यातही बराच पाहून होतो. खंदकावरचा पूल ओलांडला की अंधारी लागते. कातळात खोदलेल्या या वाटेच्या पायऱ्या उंच आणि असमान आहेत, पायाखाली झिजून गुळगुळीत झालेल्या आहेत, वर वटवाघळं आहेत आणि मधेच कुणीतरी मोबाइलचा उजेड तोंडावर मारतो. एक हात भिंतीला लावूनच चाला. मुलं घाबरत असतील तर त्यांना आपल्या पुढे घ्या, मागे ठेवू नका. अंधारीतून बाहेर पडल्यावर बारादरीपर्यंत पुन्हा पायऱ्यांचा चढ आहे. बरेच जण इथे घाई करतात आणि परतीत अंधारी उतरताना त्यांचे पाय लटपटतात. बारादरीत अर्धा तास बसा, खा, पाणी प्या, मग उतरा. उतरल्यावरही पाय शाबूत असतील आणि दुसऱ्या दिवशी जिना रोजच्यासारखा उतरता आला, तर तुम्ही पुढच्या गटात गेलात.

*एक देवगिरी आरामात करणारे.* आता खरी मजा सुरू होते, आणि दुर्दैवाने इथेच आपले लोक शेजारचं सोडून पुण्या-नाशिककडे धावतात. सोयगावजवळचा वेताळवाडी किल्ला हळदा घाटातून समोरच दिसतो. तटबंदी, दरवाजे, बुरूज असं सगळं शाबूत आणि चढ मध्यम. जंजाळ्याचा किल्ला आणि जवळची घटोत्कच लेणी एका दिवसात होतात. वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख याच लेण्यांत आहे. कन्नड तालुक्यातला अंतूर आणि पितळखोरा हेही याच पायरीवरचे. पितळखोऱ्याची एक खोड लक्षात ठेवा: इथे आधी दरीत उतरायचं असतं आणि चढ शेवटी, दुपारच्या उन्हात, येतो. जाताना 'किती सोपं' म्हणणारे परतताना गप्प असतात. घटोत्कच लेण्यांनाही जंजाळ्याकडून उतरूनच जावं लागतं.

*जिन्याच्या चाळीस फेऱ्या सॅकसह करू शकणारे.* यांनी कळसूबाई (१६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर), पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, किंवा बागलाणातला साल्हेर (१५६७ मीटर) निवडावा. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत साल्हेर आहे, त्यामुळे तिथे आता गर्दी वाढेल. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर शनिवार-रविवारी रांग लागते. शिडीवर पुढचा माणूस उतरेपर्यंत खाली थांबा, आणि उतरताना तोंड शिडीकडे ठेवा. बारा वर्षांचा मुलगा पाचनईने हरिश्चंद्रगडावर जाऊ शकतो, देवगिरीवर कुरकुर न करता जाऊन आला असेल तर. कोकणकड्यावर मात्र त्याचा हात सोडू नका, आणि नळीची वाट, अलंग-मदन-कुलंग यांचं नाव सध्या काढू नका. तिथे दोर आणि जाणता माणूस लागतो.

गट मिश्र असेल तर सगळ्यात कमजोर माणसाला झेपेल तीच जागा ठरवा. त्याला पायथ्याशी एकटं बसवून बाकीचे वर गेले, हा तोडगा नव्हे.

परवानगी, तिकीट, एसटी

गौताळा औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे. आत जाण्यासाठी वनविभागाच्या नाक्यावर नोंद करून शुल्क भरावं लागतं. आडवाटांनी, शेताच्या बांधावरून आत शिरणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, मग तुम्ही कितीही निरुपद्रवी असा. आत चूल पेटवणं, मोठ्याने गाणी लावणं, परवानगीशिवाय मुक्काम करणं चालत नाही. बिबटे तिथे पहिल्यापासून आहेत, आणि २०२१ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघही तिथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. त्यामुळे 'काही होत नाही' म्हणत अंधारापर्यंत रेंगाळू नका. वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

देवगिरीला पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. वेरूळ जोडायचं असेल तर मंगळवारी लेणी बंद असतात, अजिंठा सोमवारी.

स्वतःची गाडी नसली म्हणून अडत नाही. कन्नड, खुलताबाद, सिल्लोड, सोयगावकडे एसटी जाते. महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. वयाचा पुरावा सोबत ठेवा. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे जातानाच वाहकाला विचारून घ्या.

फसवणारी वाट, मोहोळ आणि ऊन

हिवाळ्यातला डोंगर कोरडा असतो, म्हणून तो सुरक्षित असेल असं वाटतं. पण पावसाळ्यात बसलेली माती वाळून सुटी होते आणि घसारा तयार होतो. त्यावर वाळकं गवत आडवं पडलं की पाय सरकतोच. घसाऱ्यावर टाच रोवून, गुडघा किंचित वाकवून, छोटी पावलं टाका. मागे झुकून चालाल तर आपटाल. घोट्यापर्यंत पँट मोज्यात खोचली की कुसळं टोचत नाहीत. ऊन खायला घोणसही वाटेवर पडलेली असू शकते. साप दिसला तर थांबणं हाच उपाय. चावलाच तर बांधू नका, कापू नका, चोखू नका. चावा घेतलेला भाग हलू न देता जवळच्या सरकारी दवाखान्यात आणि पुढे गरज पडली तर घाटी रुग्णालयात न्या.

आपल्या भागात वाटा चुकतात त्या ढोरवाटांमुळे. गुरं चरून तयार झालेल्या या वाटा पायवाटेसारख्याच दिसतात आणि मग मधेच झुडपात संपतात. दहा मिनिटांत वाट बारीक होत गेली, तर पुढे रेटू नका. शेवटचा ओळखीचा टप्पा जिथे होता तिथपर्यंत मागे या. पायथ्याच्या गावातला वाटाड्या घ्या. पैसे निघण्याआधीच ठरवा आणि ठरलेले द्या. 'मामा, शंभर घ्या' असं परतल्यावर म्हणणं बरं दिसत नाही.

मधमाश्या हा लेण्यांवर आणि किल्ल्यांवर सगळ्यात दुर्लक्षिला जाणारा धोका. कड्याला लटकलेलं आग्या मोहोळ दिसलं की आवाज बंद, अत्तर-डिओ घरीच, धूर तर मुळीच नाही, दगड मारणाऱ्या पोराला आधी आवरा. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड कापडाने झाकून जोरात लांब पळा. नंतर काटे नखाने किंवा कार्डाच्या कडेने खरडून काढा. ओठ-जीभ सुजली, श्वास अडला तर ते प्राणावर बेतू शकतं. क्षणही न दवडता १०८.

थंडीत तहान लागत नाही, म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. पहाटे पारा दहा अंशांजवळ असला तरी दुपारी ऊन चटका देतं. माणशी तीन लिटर पाणी घ्या. टाक्यांतलं पाणी उकळल्याशिवाय किंवा गोळी टाकल्याशिवाय पिऊ नका. वाटेतले धबधबेही हिवाळ्यात भरवशाचे नाहीत.

सॅकेत काय

थोडकंच: चांगल्या खाचांचे बूट (नवे बूट पहिल्यांदा डोंगरावर घालू नका), एक स्वेटर, वाऱ्यासाठी जर्किन, कानटोपी, बॅटरी भरलेली विजेरी, शिट्टी, बँडेज, नेहमीची औषधं. सुती बनियन घामाने भिजलं की अंगाला चिकटून गारठवतं, बदलायला एक कोरडं ठेवा. खायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे यांना तोड नाही. वाटेत शेतावर हुरड्याचं आमंत्रण असेल तर ते परतीसाठी राखून ठेवा. भरपेट हुरडा खाऊन चढलेले लोक अर्ध्या वाटेत आडवे होतात.

घरी कुणालातरी लिहून द्या: कुठला डोंगर, कुठल्या गावातून, सोबत कोण, किती वाजेपर्यंत फोन न आल्यास काय करायचं. डोंगरात मोबाइलला बऱ्याचदा रेंज नसते, त्यामुळे उशीर झाला हे कळणारी माणसं घरचीच असतात. अडकलात तर ११२. बचावाचं काम करणाऱ्या महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक निघण्यापूर्वी शोधून मोबाइलमध्ये साठवा.

पैसे भरून जाताना तुमचे हक्क

राज्याच्या ऑगस्ट २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. पैसे पाठवण्याआधी विचारा:

- नोंदणी क्रमांक काय? प्रमाणपत्राचा फोटो पाठवाल का?
- किती लोकांमागे किती लीडर? त्यांच्यात प्रथमोपचार शिकलेला कोण?
- विमा आहे का, आणि तो कशाचा?
- ट्रेक रद्द झाला तर पैसे कधी, किती परत?
- रात्रभर गाडी चालवणारा चालक सकाळी तोच परत आणणार का?

शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच पहिला विचारावा. एका रात्रीत कळसूबाई करून येणाऱ्यांना खरा धोका शिड्यांपेक्षा पहाटे पेंगणाऱ्या चालकाचा असतो.

'काही झाल्यास आयोजक जबाबदार नाही' अशा कागदावर तुम्ही सही केली, तरी आयोजकाचा निष्काळजीपणा त्याने माफ होत नाही. कबूल केलेली सेवा मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे मिटलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. त्यासाठी जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची पावती आणि गप्पांमधली आश्वासनं जपून ठेवा.

हिमालयात बर्फ पाहायचाच असेल तर

केदारकांठ्याच्या जाहिराती आता आपल्या गल्लीतही येतात. ते शिखर सुमारे ३८०० मीटर उंच आहे; आपलं शहर सहाशेच्याही खाली. तिथे पायांइतकाच प्रश्न हवेचा. अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न येणं सुरू होऊ शकतं, आणि ते तरुण-तगड्यांनाही होतं. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य नियम. कार्यक्रमपत्रिकेत तो पाळलेला नसेल तर स्वस्त असली तरी ती बॅच सोडा. डायमॉक्ससारखी गोळी मित्राच्या सल्ल्याने घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

डोकं दुखतंय हे लीडरला त्याच दिवशी सांगा. पैसे वाया जातील म्हणून लपवू नका. लक्षणं असताना आणखी वर चढायचं नाही, वाढली तर लगेच खाली यायचं. चालताना तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं, बसल्या जागी धाप लागणं दिसलं तर सकाळची वाट न पाहता रात्रीच उतरवायचं. आणि डिसेंबरातल्या बॅचचं आरक्षण करण्याआधी एक महाराष्ट्रातला चार-देवगिरी डोंगर सॅकसह करून, दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन दाखवा.